जास्तीचा सदरा

"आई, हा सदरा कुणी शिवला?"

ताईनं विचारलं तेव्हा दुपारचे तीन वाजत आले होते आणि टेम्पोत निम्मं सामान चढलं होतं. कापडाच्या पेटीच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो तिला सापडला. निळ्या बारीक रेघांचा, नवा कोरा, काजं केलेला, बटणं लावलेला. इस्त्री तेवढी राहिली होती.

आई दुकानाच्या फळीवर पाय सोडून बसली होती. "मी शिवला. दुसरं कोण शिवणार? तुझे बाबा येणारेत का वरून?"

बाबांना जाऊन चार महिने झाले होते, आणि आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ताटात मीठ वाढलंय की नाही हे तिला बोट लावून बघावं लागायचं. वहिनी कढईत पेले भरत होती, ती तशीच थांबली.

"अहो आई, पण सुईत दोरा कुणी ओवला?"

"बोटांनी ओवला. पन्नास वर्षं ओवतेय. त्यात डोळ्यांचं काय अडलंय?"

दादानं घड्याळ बघितलं. दादा नकाशे काढणाऱ्यांच्या कचेरीत होता, आणि त्याच्या आयुष्यात सगळ्याला एक रेघ आणि एक वेळ असे. पाच वाजता किल्ली मालकाच्या हातात द्यायची होती. आई त्याच्याकडे राहायला येणार, शिलाईचं मशीन धाकट्याकडे जाणार, बाकी भंगारात. गेल्या महिन्यातल्या त्या रडारडीनंतर एवढं ठरलं होतं आणि दादाला आता नवीन काही ऐकायचं नव्हतं.

"बरं, शिवलास तर शिवलास. घे बरोबर. चल, ऊठ."

"यंदाचा राहिला होता ना," आई म्हणाली. "तो मागं खुंटीला लावा. तो गेला की मी उठते. तोवर काही मी इथून हलायची नाही."

धाकटा मशीनचा पाय सोडवत खाली बसला होता, त्याच्या हातातला पाना तसाच राहिला. शेहेचाळीस वर्षांचा बाप्या, शहरभरच्या लिफ्टा दुरुस्त करणारा, अंधाऱ्या खड्ड्यात एकटा उतरणारा. पण 'खुंटी' म्हटल्याबरोबर त्यानं मागच्या दाराकडे पाठ फिरवली, अगदी सहा वर्षांचा असताना फिरवायचा तशीच.

*

सगळ्यांची पोरं सुट्टीत मामाकडे नाहीतर समुद्रावर जायची. ही तिघं कधी कुठं गेली नाहीत. शाळा उघडायच्या आधी गणवेशांची घाई, आणि ती घाई म्हणजेच यांची सुट्टी. सकाळी दुकानाचं दार उघडलं की बाबा मशीनवर, आई काजांवर, ताई बटणांवर, दादा कापलेले तुकडे नंबरवारी लावायला. धाकट्याकडे सुटलेले दोरे तोडायचं काम. दिवसभर दोरे तोडून तोडून रात्री बोटं दोरा नसलेल्या हवेतही चिमटे काढत असायची, आणि त्यावरून ताई त्याला 'खेकडा' म्हणायची.

घरात पैशाची चणचण होती, पण चिडचिड नव्हती. तिघांचे कपडे कापडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचे. दादाच्या एका चड्डीला मागं एक आणि पुढं दुसरा रंग होता, तेव्हा तो भिंतीला पाठ लावूनच फिरायचा. आणि अशा घरात, दर सुट्टीत, ताग्यातून नवं कापड फाडून एक सदरा शिवला जायचा. जास्तीचा. त्याला घरात नावच तसं पडलं होतं. 'जास्तीचा झाला का?' 'जास्तीच्याला बटणं कुठली?' कुणासाठी, म्हणून विचारलं की बाबा म्हणायचे, "ज्याला हवाय तो नेईल."

धाकट्याच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी तो सदरा मागच्या दाराबाहेर, गल्लीतल्या भिंतीवरच्या खुंटीला हँगरवर लागायचा. त्याआधी तिघांना ओळीनं उभं करून बाबा सांगायचे, "आता ज्याचं त्यानं आपलं आवडतं काय ते खिशात टाका. आवडतंच हं. नकोसं असतं ते टाकतात, त्याला देणं म्हणत नाहीत." एका वर्षी ताईनं काचेचे मणी दिले आणि आठवडाभर नाक ओढत फिरली. दादानं भिंग दिलं. पुढं मोठेपणी नकाशावर भिंग धरताना त्याला दरवेळी ते पहिलं आठवायचं, पण असलं काही तो बोलून दाखवणाऱ्यातला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हँगर रिकामा असायचा.

आता यात भिण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. गरजू माणूस आला, घेऊन गेला. पण दुकानाच्या कडेनं मागं येणारी ती गल्ली पुढं बंद होती. तीन हातांवर भिंत. आत जायचं तर दुकानासमोरूनच जावं लागे, आणि मागं दुसरं कुणाचं दारही नव्हतं. शिवाय एक होतं. बाबा धाकट्याचं माप दोनदा घ्यायचे. एकदा त्याच्या कपड्यांसाठी, सैल हातानं, गुदगुल्या करत. मग गप्प व्हायचे, टेप पुन्हा गुंडाळायचे आणि घट्ट ओढायचे. श्वास कोंडेपर्यंत घट्ट. "हलू नकोस. हा जास्तीच्याचा." मोठं झाल्यावरही, दर सुट्टीत धाकटा घरी आला की दोन मापं ठरलेली. गेल्या वर्षी पोटावर टेप आवळून बाबा हसले होते, "तुझं सुटलंय, पण त्याचं नसेल सुटलं." तेव्हा सगळे हसले होते. धाकटाही हसला होता, पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

आणि त्या सहाव्या वर्षीची गोष्ट तर त्यानं कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही.

त्याच्याकडे किल्लीवर उडी मारणारा पत्र्याचा बेडूक होता. कुणा गिऱ्हाइकानं खूश होऊन दिलेला. त्या वर्षी खिशात टाकायची पाळी आली तेव्हा त्यानं बेडूक दाखवला सगळ्यांना आणि मूठ खिशात घालून टाकला एक खडा. काळा, मधोमध पांढरी रेघ असलेला, मागच्या दारात सापडलेला. सकाळी हँगर रिकामा नव्हता. सदरा होता तिथंच होता. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी वारा पडलेला असताना एक बाही तेवढी हलत होती. आई दारात उभी राहून बघायची आणि आत येऊन उगाच भांडी घासायची. चौथ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी उठून, रडत रडत, धाकट्यानं बेडूक नेऊन खिशात टाकला. खडा काढून घ्यायला हात घालायची हिंमत मात्र झाली नाही. दात घासून आला तोवर सदरा गेला होता.

*

"हे बघ आई," दादा समजुतीच्या सुरात म्हणाला, म्हणजे तो आता चिडणार होता. "बाबांची हौस होती, ठीक आहे. आता बाबा नाहीत. हा सदरा मी स्वतः नेऊन एखाद्या गरजवंताला देतो. शब्द देतो तुला."

"गरजवंताला नाही द्यायचा."

"मग कुणाला?"

आईनं पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि त्यातून एक वस्तू काढून फळीवर ठेवली. बाबांचं अंगुस्तान. पितळी, मधल्या बोटात घालायचं, सुईच्या टोकांनी खड्डे पडून पडून एका बाजूनं आरपार झिजलेलं. यावरूनच गेल्या महिन्यात ती रडारड झाली होती. घर भाड्याचं, दागिना नाही, जमीन नाही. तिघांना हवं झालं ते एवढंच. दादाला थोरला मुलगा म्हणून, ताईला बाबांची शेवटची सेवा तिनं केली म्हणून. धाकटा काही न बोलता नुसता बघत राहिला होता, आणि त्याचा दोघांनाही जास्त राग आला होता.

"हे कुणाला ते आज सांगते म्हणाले होते ना मी," आई म्हणाली. "धाकट्याला."

"वा!" दादा म्हणाला. "म्हणजे मी तुला घरी नेणार आणि..."

"अहो, गप्प बसा," वहिनी म्हणाली. "त्याच्या वाट्याला आलंय काय आजवर? तुमच्या चड्ड्या आणि ताईंची बोलणी. घेऊ द्या की." वहिनी नवऱ्याच्या बाजूनं कधी नसे, आणि म्हणूनच त्या घरात तिचं सगळ्यांशी जमे.

ताईनं चक्क दादाची बाजू घेतली. "प्रश्न अंगुस्तानाचा नाही गं. आईनं विचारायला हवं होतं, एवढंच." पाच मिनिटांपूर्वी याच दोघांचं कपाट कुणी उचलायचं यावरून वाजलं होतं. धाकट्यानं अंगुस्तान उचललं आणि बोटात घातलं. त्याला ते बरोब्बर बसलं, आणि त्याची झिजलेली बाजू तो अंगठ्यानं चाचपत राहिला.

ताई तणतणत पेटीकडे वळली ती काहीतरी करायला हवं म्हणून. सदऱ्याखाली मापांच्या वह्या होत्या. तिनं एक उघडली. घरच्यांचं पान दर वर्षी शेवटी असायचं. ताई: छाती, खांदा, उंची. दादा: तेच. धाकटा: तेच. आणि धाकट्याखाली आणखी एक ओळ. नाव नाही, नुसती आडवी रेघ, आणि पुढं मापं. तिनं दुसरी वही उघडली, मग अगदी पहिली. धाकटा जेमतेम एक वर्षाचा असतानाची. तिथंही. धाकट्याची छाती एकोणीस, रेघेची अठरा. पुढल्या वर्षी वीस आणि एकोणीस. रेघ वाढत होती. दर वर्षी त्याच्यामागून एक बोटभर.

ताई चौतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. जुळ्यांचे तक्ते तिनं हजार वेळा भरले होते. एकाखाली एक. थोरलं, त्याच्याखाली बारकं.

पुढची वही उघडायची तिला गरज उरली नाही. कारण धाकटा झाला त्या सुट्टीत ती नऊ वर्षांची होती, आणि प्रसूतिगृहात बंद दाराबाहेर दादाला मांडीवर घेऊन बसली होती. आतून रडण्याचा आवाज आला होता. मग पुन्हा एक आला होता, पहिला चालू असतानाच. बारीक, मांजराच्या पिल्लासारखा. नंतर तिनं विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, "खोलीत आवाज घुमतो गं." तिनं ते ऐकून घेतलं. मोठेपणी दुसरं कुठलंही काम मिळत असताना ती बाळंतिणींच्याच वॉर्डात का गेली, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"आई," ती म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आला की वहिनीनं कढई बाजूला ठेवली. "दोन होते ना?"

बाहेर टेम्पोवाल्यानं लावलेलं गाणं तेवढ्यात संपलं. आईनं मान तिकडे वळवली जिकडे ताई असावी असं तिला वाटलं.

"होते," ती म्हणाली.

*

सांगताना आई रडली नाही. काजं करताना बोलायची तसंच बोलली, खाली मान घालून, बोटं एकमेकांवर घासत.

शेजारच्या खाटेवर एक बाई होती. तिचं तिसरं गेलं होतं. तिसऱ्यांदा रिकाम्या हातानं घरी जायची वेळ. नवऱ्याची बदलीची नोकरी, आठ दिवसांत गाव सोडणार होते. ती रडायचीही नाही, नुसती हिच्या दोन्ही बाळांकडे बघत पडायची.

"मला राहवलं नाही. मी म्हटलं, माझ्याकडे दोन आहेत, वर घरी दोन आहेत. एक तुम्ही घ्या. तुझे बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, कुठलं?"

धाकटा उठून उभा राहिला. "आवडतं ते द्यायचं," तो म्हणाला. "असंच ना? आपल्याकडे आवडतं तेच देतात. मग मी... राहिलो तो."

"ऐक तरी!"

"नाही, कळलं मला. नकोसं होतं ते घरी राहिलं."

"मूर्खा!" आई एवढ्या जोरात ओरडली की टेम्पोवाला आत डोकावून गेला. "हा नियम तेव्हा होता कुठं? तो नंतर आला. माझ्यामुळे आला. सुईणीनं मला सांगितलं होतं, बारकं काही आठवडा काढायचं नाही. मला माहीत होतं. आणि मी ते बारकं उचललं आणि त्या बाईच्या ओटीत घातलं. तू गुटगुटीत होतास, तुला पदराखाली घेतलं. ती माझ्या पाया पडली रे. जाणारं पोर दिलं मी तिला, चौथ्यांदा रडायला, आणि वर पाया पडून घेतलं."

ताईनं तोंडावर हात धरला.

"तुझ्या बाबांना मी महिन्यानं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी ताग्यातून कापड फाडलं आणि झबलं शिवलं. म्हणाले, आता या घरात पुन्हा कुणी नकोसं असलेलं देणार नाही. तेव्हापासून हे सगळं."

"तो जगला का?" दादानं विचारलं.

"काय माहीत? ती माणसं परत दिसली नाहीत. त्यांना आपलं दुकानही ठाऊक नव्हतं."

"मग सदरे कोण न्यायचं?"

"बघायचं नाही असं आमचं ठरलं होतं," आई म्हणाली. "तुझे बाबा लावायचे. सकाळी नसायचा. मी मनाशी म्हणायचे, हेच काढून नेत असतील, लांब कुठं कुणाला देऊन येत असतील, माझं मन राहावं म्हणून. विचारलं मात्र नाही. विचारलं असतं आणि हो म्हणाले असते, तर मग माझं बाळ त्या आठवड्यातच गेलं असं झालं असतं. आता ते नाहीत. आज लावा आणि बघू या. राहिला, तर मी समजेन काय ते आणि मुकाट्यानं चालू लागेन. गेला, तर तो आहे. कुठंतरी आहे. एवढं कळल्याशिवाय मला इथून नेऊ नका रे."

*

चार वाजता सदरा खुंटीला लागला.

दादानंच लावला. कारण त्याला वाटत होतं, लावला की हे प्रकरण संपेल. खरं तर त्याला त्या दारात जायचंच नव्हतं. तेरा वर्षांचा असताना एकदा खिडकीच्या फटीला डोळा लावून तो पहारा करत बसला होता. उजाडायला आलं होतं. सदरा समोर दिसत होता. पायाला डास चावला म्हणून तो खाली वाकला, खाजवलं, पुन्हा डोळा लावला. हँगर रिकामा होता आणि हलत होता. बाबा त्याच्यामागं, खोलीत, घोरत पडले होते. त्यानंतर दादानं जी गोष्ट मोजता येत नाही तिच्याबद्दल बोलणंच सोडून दिलं.

"बाबा नव्हते नेत," आत येताना तो एवढंच पुटपुटला. वहिनीनं विचारलं, "काय म्हणालात?" तर म्हणाला, "काही नाही. चहा आहे का?"

धाकटा अजून दारात होता. ताई त्याच्याजवळ गेली. मघाशी अंगुस्तानावरून दादाची बाजू घेतल्याची तिला लाज वाटत होती.

"खेकड्या," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघितलं. डोळे लाल होते. "खिशात काही टाकायचं राहिलं ना गं," तो म्हणाला. मग बोटातलं अंगुस्तान ओढलं. घट्ट बसलं होतं, निघेना. ताईनं त्याचं बोट धरलं आणि लहान मुलाच्या बोटातला काटा काढावा तसं हळूहळू फिरवून ते काढून दिलं. त्यानं ते खिशात टाकलं. सदरा त्या बाजूला किंचित झुकला.

"नक्की?" ताईनं विचारलं.

"बाबांचं त्याच्याकडे काहीच नाही," धाकटा म्हणाला. "मला निदान गुदगुल्या तरी मिळाल्या."

दादा दुकानासमोर खुर्ची टाकून बसला, गल्लीचं तोंड अडवून. आत शिरायचं तर त्याच्या गुडघ्यांना घासून जावं लागलं असतं. आई फळीवर. मागचं दार लोटलेलं. उन्हं कलली होती तरी उकाडा कमी नव्हता, आणि रस्त्यावर एरवी या वेळी असते ती वर्दळ त्या दिवशी का कोण जाणे नव्हती. टेम्पोवाला आपल्या जागेवर पेंगत होता. वहिनीनं चहा टाकला. कप उरले होते चार आणि माणसं पाच, म्हणून तिनं स्वतःसाठी वाटी घेतली.

चहा ओतून झाला तेव्हा तिनं पाहिलं, वाटी भरली होती आणि किटलीत आणखी एक कपभर चहा उरला होता. "मोजून पाचच कप टाकला होता हो," ती म्हणाली, हसायला गेली आणि तिला हसू आलं नाही. कुणीच त्या उरलेल्या चहाला हात लावला नाही.

साडेचार झाले. पावणेपाच.

आई एकाएकी ताठ बसली. तिचं तोंड मागच्या दाराकडे वळलं. दिसत तर काहीच नव्हतं तिला. अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "बाही घालतोय."

धाकटा उठला. ताईनं त्याचा हात धरला, तो सोडवून घेऊन तो दाराशी गेला आणि दार उघडलं.

हँगर रिकामा होता. हलत होता, एका बाजूला, दुसऱ्या बाजूला, अगदी सावकाश. गल्ली तीन हातांवर भिंतीपाशी संपत होती. गल्लीत पानसुद्धा हलत नव्हतं.

"दादा!" ताई किंचाळली. "कोण गेलं?"

दादा खुर्चीवरून हललेला नव्हता. "कुणी नाही," तो म्हणाला. "देवाशपथ, कुणी नाही. आत नाही, बाहेर नाही." आणि त्यानं डोक्याला दोन्ही हात लावले.

धाकटा मात्र खुंटीकडे बघतच नव्हता. तो पायरीकडे बघत होता. खुंटीच्या बरोबर खाली, पायरीच्या मधोमध, कुणीतरी मुद्दाम ठेवावा तसा एक खडा होता. काळा, मध्ये पांढरी रेघ. त्यानं तो उचलला. तिथं दुपारपासून सावली होती, पायरी गार पडली होती. खडा ऊबदार होता.

*

"काय आहे? सांगा ना कुणीतरी!" आई म्हणाली. "गेला का?"

"गेला आई," ताई म्हणाली, आणि आईच्या मांडीत डोकं घालून रडायला लागली. आईनं तिच्या केसांतून हात फिरवला, पण तिचे कान धाकट्याकडे होते.

"तू का गप्प?"

तो तिच्यापुढं खाली बसला. तिची मूठ उघडली आणि खडा तिच्या हातात दिला. "मी लबाडी केली होती, आई. सहा वर्षांचा होतो. बेडूक दाखवला आणि हा टाकला. कुणालाच माहीत नव्हतं. नंतर बेडूकही दिला, पण हा तसाच गेला त्याच्याकडे. त्यानं आज परत पाठवलाय. ओळखलं होतं त्यानं मला. माझ्या आवडत्या वस्तूच्या बदल्यात त्यानं हे तोंडावर फेकलंय माझ्या."

आईनं खडा बोटांत घेतला. पन्नास वर्षं कापडाचा पोत ओळखलेली बोटं ती. सगळीकडून फिरवला, अंगठा दाबून बघितला, गालाला लावला.

"तुला सापडला तेव्हा असाच होता का रे?"

"नाही. खरखरीत होता. टोचायचा."

"आता बघ. अंगठ्याएवढा खड्डा पडलाय. हा काही खिशात नुसता पडून नव्हता. रोज घासलाय कुणीतरी, वर्षानुवर्षं." तिचा आवाज फाटला. "मण्यांचं, भिंगाचं, बेडकाचं काय झालं देव जाणे. एवढा मात्र जपलाय. आपल्याच घरचा आहे तो. नियम माहीत आहे त्याला. आवडतं होतं ते दिलंय रे त्यानं तुला."

धाकट्याला हुंदका आवरेना. आईनं खडा त्याच्या मुठीत कोंबला आणि मूठ वरून घट्ट दाबून धरली, बाबा टेप ओढायचे तशी.

मग ती उठली. कुणी हात द्यायच्या आत, आपली आपण. पदर सारखा केला. "पुढल्या वर्षी माप एक बोट कमी घ्यायचं नाही," ती म्हणाली. "ज्यानं असा जपलाय, तो आता बारका असायचा नाही. दोघांचं सारखंच घ्यायचं."

पाच वाजून गेले होते. मालक कोपऱ्यावर येऊन उभा राहिला होता, किल्लीसाठी. वहिनीनं घाईनं कप पिशवीत टाकले आणि दादाला हाक मारायला वळली, तर दादा दुकानात नव्हता, खुर्चीवरही नव्हता. मागच्या गल्लीतून खरखर आवाज येत होता. ती भीत भीत गेली. दादा पायरीवर चढून, टेम्पोवाल्याचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन, घामाघूम होत भिंतीतली खुंटी काढत होता. हँगर त्यानं काखेत धरला होता.

"अहो, हे काय चाललंय?"

"किल्ली मालकाची आहे," दादा मागं न बघता म्हणाला. "खुंटी बाबांनी बसवली होती. आपल्या घरी मागच्या दाराबाहेर जागा आहे. उद्याच लावतो. लांब पडेल, पण सापडेल त्याला."